मार्टिन डी-१८: गिटार झकास, पण डोक्यावर कर्ज असताना घ्यायची का?

आधी गिटारबद्दल बोलतो आणि मग पैशाबद्दल, कारण पैशापासून सुरुवात केली तर निम्मे लोक इथेच पळतील. तर, मार्टिन डी-१८ ही जबरदस्त गिटार आहे. नुसती नावाला नाही. पहिल्यांदा 'जी' (G) कॉर्ड, म्हणजे ठरावीक सूर एकत्र, वाजवली की आवाज कानाला कळायच्या आत पोटाला कळतो, मागची पाट थरथरते आणि ती थरथर बरगडीत लागते. एक मित्र कामानिमित्त बराच काळ बाहेर आहे, जाताना ती माझ्याकडे ठेवून गेला, "पेटीत पडून राहण्यापेक्षा तू वाजव रे, फक्त स्वस्तातल्या रबरी स्टँडवर ठेवू नकोस" एवढी एकच अट घालून. त्यामुळे हा दुकानात दहा मिनिटं वाजवून लिहिलेला रिव्ह्यू नाही, रोज घरात वाजवून लिहिलेला आहे. आणि हो, माझ्या डोक्यावर कर्ज आहे. एक पर्सनल लोन चालू आहे आणि क्रेडिट कार्डचं बिल दर महिन्याला पूर्ण फिटत नाही. म्हणजे "आपणही घेऊया का अशीच एक" हा प्रश्न माझ्यासाठी टाइमपास नाही, रोज संध्याकाळी ती केसमधून, म्हणजे पेटीतून, काढताना पडणारा प्रश्न आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्टिन कंपनी १८३३ ची, अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात त्यांचा कारखाना. हा जो रुंद खांद्यांचा, कमी कमरेचा मोठा आकार आहे त्याला ड्रेडनॉट म्हणतात, हे नाव १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून आलंय. मार्टिनने हा आकार १९१६ मध्ये आधी ऑलिव्हर डिटसन या दुसऱ्या कंपनीसाठी बनवला, स्वतःच्या नावाने डी-१८ आणली ती १९३१ मध्ये, आणि १९३४ पासून आज दिसतं तसं चौदा फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) बॉडीबाहेर असलेलं रूप पक्कं झालं. आज बाजारात कुठल्याही कंपनीची 'नॉर्मल' दिसणारी अकूस्टिक गिटार बघा, बहुतेक वेळा याच आकाराची नक्कल असते. २०१२ मध्ये डी-१८ मध्ये बरेच बदल केले, आतलं एक्स ब्रेसिंग, म्हणजे पुढच्या पाटीला आतून आधार देणाऱ्या फुलीसारख्या पट्ट्या, साउंडहोलकडे (मधल्या गोल भोकाकडे) सरकवलं आणि नटची, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिची, रुंदी पावणेदोन इंच केली. वापरलेली घ्यायचा विचार असेल तर हे साल लक्षात ठेवा, त्याआधीच्या आणि नंतरच्या हाताला वेगळ्या लागतात.

लाकडाचं सांगायचं तर टॉप, म्हणजे पुढची पाट, सिट्का स्प्रूसचा, मागची पाट आणि बाजू महोगनीच्या, सगळं सॉलिड, कुठेही प्लाय नाही. महोगनीचा आवाज कोरडा असतो असं म्हणतात आणि ते वाजवल्यावर पटतं, म्हणजे प्रत्येक सूर वेगळा सुटा ऐकू येतो, एकात एक मिसळून गुंजत राहत नाही. गाण्याबरोबर साथीला वाजवणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे कारण गिटार गळ्याच्या वाटेत येत नाही. मला सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच, ते म्हणजे जोरात मारलं तरी ती फाटत नाही. स्वस्त गिटारवर एका मर्यादेनंतर तुम्ही कितीही जोर लावा, आवाज वाढत नाही, फक्त खडखडाट वाढतो. हिच्यावर ती मर्यादा इतकी वर आहे की माझा हात आधी थकला. आणि हळू वाजवलं, नुसत्या अंगठ्याच्या मांसल भागाने खालचा ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, छेडला, तरी तो सूर पूर्ण येतो, अर्धवट नाही. ८२ हर्ट्झच्या आसपासचा सूर आहे तो, छोट्या खोक्यातून निघणं तसं अवघडच, आणि इथे तो आरामात निघतो.

नकोसं काय? पहिलं म्हणजे आकार. सोफ्यावर बसून वाजवायला ड्रेडनॉट आडदांड आहे, उजवा खांदा वर उचलला जातो आणि थोड्या वेळाने मान धरते. बारीक चणीच्या माणसाने आधी मांडीवर घेऊन बघावी, उगाच फोटो बघून ऑर्डर करू नये. दुसरं, फिनिश नायट्रोसेल्युलोज लॅकरचं आहे. दिसायला सुंदर, केस उघडली की तो लाकूड आणि लॅकरचा वास, आहाहा, पण नाजूक प्रकरण. घाम, काही प्रकारचं रबर, बेल्टचं बक्कल, सगळं त्याला लागतं, म्हणून तर मित्राची ती स्टँडची अट. तिसरं, हवेतली आर्द्रता. सॉलिड लाकडाच्या गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. फार कोरडं झालं की टॉप आत बसतो, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, जास्तच झालं तर चीर जाते. फार दमट झालं की टॉप फुगतो, तारा वर उचलल्या जातात आणि वाजवायला जड होते. म्हणजे केसमध्ये ओलावा देणारा ह्युमिडिफायर, आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर, आणि त्याकडे अधूनमधून बघायची सवय. ज्यांना ही निगा झेपणार नाही अशांच्या घरात ही गिटार जाऊ नये, खरंच. चौथं, साध्या डी-१८ मध्ये पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरपर्यंत नेणारं उपकरण, नसतो. स्टेजवर वाजवणार असाल तर तो खर्च वेगळा धरा.

आता माझी स्वतःची गिटार यामाहा एफजी-८०० आहे. टॉप सॉलिड स्प्रूस, मागची पाट आणि बाजू लॅमिनेट, म्हणजे आपल्या भाषेत चांगल्यापैकी प्लायवूड. किमतीत दोघींची तुलनाच नाही, एका डी-१८ च्या पैशात यामाहाच्या अशा कितीतरी येतील. दोन्ही शेजारी ठेवून वाजवल्या. फरक आहे, तो नाही असं म्हणणारा एकतर ऐकत नाही किंवा स्वतःची समजूत काढतोय. पण तो फरक किमतीतल्या फरकाएवढा आहे का, तर अजिबात नाही. अकूस्टिक गिटारच्या आवाजाचं बरंचसं काम टॉप करतो, जेमतेम तीन मिलिमीटरची फळी, तिच्यावर सहा तारांचा मिळून ७० किलोच्या वर ताण, आणि तरी ती हलायला मोकळी असावी लागते. तो टॉप यामाहातही सॉलिडच आहे. त्यामुळे बऱ्यापैकी मजल ती तिथेच मारते. राहिलेला जो शेवटचा टप्पा आहे, ती खोली, तो सूर विझतानाचा गोडवा, त्यासाठी पुढचे सगळे पैसे.

एक गंमत अशी की माझ्या यामाहाचा सेटअप नीट करून घेतल्यावर हा फरक आणखी कमी झाला. नटच्या खाचा थोड्या खोल केल्या, सॅडल, म्हणजे तारा अडकवायच्या ब्रिजवरची उभी पट्टी, घासून खाली आणलं, ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली सळी, जरासा आवळला. आधी पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना बोटं पांढरी व्हायची, आता धरून गाता येतं. बाराव्या फ्रेटवर जाड ई आणि फ्रेटमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या जवळपास आलंय, बारीक ई चं दीडच्या आसपास. मित्राच्या डी-१८ चंही साधारण तेवढंच आहे. म्हणजे "महाग गिटार वाजवायला सोपी असते" यातला मोठा भाग सेटअपचा असतो, आणि तो कुठल्याही गिटारला करून मिळतो. दुकानात तुलना करताना हे डोक्यात ठेवा. महाग गिटारला बहुतेक वेळा नव्या तारा असतात, ट्यून केलेली असते, आणि स्वस्तवाल्या भिंतीला गंजक्या तारांनी लटकत असतात. ती तुलनाच फसवी आहे राव.

तसंच रोजवूडचं वेड. डी-१८ महोगनीची, डी-२८ रोजवूडची आणि आणखी महाग, आणि लोक सांगतात की थोडे अजून घाल पण रोजवूडच घे. २०१८ मध्ये लँकेस्टर युनिव्हर्सिटीतल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी मिळून याची चाचणी घेतली होती. एकाच डिझाइनच्या सहा स्टील तारांच्या गिटारी बनवून घेतल्या, फरक फक्त मागच्या पाटीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा, महागड्या ब्राझिलियन रोजवूडपासून साध्या लाकडांपर्यंत, आणि ५२ गिटारवादकांना त्या कुठलं लाकूड आहे ते न दाखवता वाजवायला दिल्या. आवाजाला दिलेले मार्क जवळपास सारखेच निघाले आणि त्यातल्या काहींची वेगळी परीक्षा घेतली तर गिटारी एकमेकींपासून वेगळ्या ओळखणंही सहज जमलं नाही. म्हणजे घ्यायचीच झाली तर डी-१८ वरच थांबा, रोजवूडसाठी कर्ज वाढवू नका, हे मी बेधडक सांगतो.

बरं, आता कर्ज.

मित्राला फोनवर म्हटलं की तुझ्या गिटारने माझी झोप उडवलीय, तर तो म्हणतो, "अरे मग घे ना, हप्ता बसतोय ना?" मी म्हटलं, "बसतोय रे, ओढूनताणून." "मग झालं तर!" इथेच सगळी गडबड आहे. हप्ता बसतो का हा प्रश्नच चुकीचा आहे, हप्ता कशातही बसवता येतो, मुदत वाढवली की हत्तीसुद्धा हप्त्यात बसतो. प्रश्न असा आहे की तुमच्या डोक्यावर आत्ता जे सगळ्यात महागडं कर्ज आहे त्याचा दर काय. कारण ते फिटेपर्यंत तुम्ही जे काही गरजेपलीकडचं घ्याल ते त्याच दराने उधार घेताय. रोख दिलेत तरीसुद्धा!

हे पटायला मला वेळ लागला म्हणून नीट मांडतो. समजा गिटारची किंमत १०० आहे, कुठलंही चलन धरा. तुमच्या खात्यात १०० साठलेत आणि कार्डावर १०० थकलेत. तुम्ही अभिमानाने सांगता की मी गिटार रोख घेतली, एक पैसा उधार नाही. पण तेच १०० कार्डावर भरले असते तर कार्ड शून्य झालं असतं. नाही भरले, म्हणून ते १०० तिथे व्याज खात बसलेत. मग गिटार उधारीवर आली का रोख? उधारीवरच आली, आणि तीही कार्डाच्या दराने. दुकानदाराला रोख मिळाले एवढंच.

आणि कार्डाचा दर म्हणजे काय चीज आहे ते बघा. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, चक्रवाढीने वर्षाला ते ४२.६ टक्के होतं. १०० थकलेले, पुढे नवीन काहीच घेतलं नाही आणि महिन्याला नेमाने ५ भरत राहिलात तर फिटायला ३१ महिने लागतात आणि एकूण १५५ च्या आसपास जातात. म्हणजे एक गिटार आणि वर अर्धी गिटार, फक्त ती अर्धी तुम्हाला वाजवायला मिळत नाही. आणि ५ च्या ऐवजी साडेतीनच जमले तर? ६६ महिने, एकूण २३० च्या घरात. दीडनेच तर कमी भरले ना महिन्याला, मग एवढा फरक का, तर पहिल्या महिन्यात त्या साडेतीनमधले ३ नुसत्या व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त अर्ध्याने. बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' याच जागी माणसाला अडकवून ठेवते.

अजून एक बारीक मेख आहे जी कार्ड देताना कोणी मोठ्याने सांगत नाही. बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याला नव्या खरेदीवर काही दिवस व्याज लागत नाही. पण मागचं थकलेलं असेल तर बहुतेक कार्डांवर ही सवलत जाते, आणि नवीन खरेदीवर त्याच दिवसापासून मीटर सुरू होतं. म्हणजे माझ्यासारख्याने गिटार कार्डावर घेतली तर ती केसमधून बाहेर निघायच्या आधी तिच्यावर व्याज चालू.

पर्सनल लोन त्यामानाने बरं. वर्षाला १२ टक्के, घटत्या शिल्लकीवर, तीन वर्षं मुदत, तर १०० ला महिन्याला ३.३२ चा हप्ता आणि एकूण साधारण ११९.६०. झोंबतं पण मरत नाही. फक्त 'घटत्या शिल्लकीवर' हे दोन शब्द कागदावर शोधा. काही ठिकाणी फ्लॅट रेट सांगतात, "फक्त १० टक्के सर", म्हणजे फेडत गेलात तरी तिन्ही वर्षं मूळच्या पूर्ण १०० वरच १० टक्के, एकूण १३०, आणि घटत्या शिल्लकीच्या हिशोबात तो दर जवळपास १८ टक्के पडतो. मला एका ॲपवर अशीच ऑफर आली होती, नाव घेत नाही, चकचकीत स्क्रीन, मधे मोठ्या अक्षरात १० आणि खाली राखाडी रंगात मुंगीएवढ्या अक्षरात फ्लॅट. स्क्रीनशॉट मोठा करून बघितला तेव्हा दिसलं.

मग शून्य टक्के हप्ते? हे खरंच शून्य असू शकतं, मी उगाच सगळ्याला फसवणूक म्हणणाऱ्यातला नाही. पण तीन गोष्टी विचारा. एकरकमी दिले तर सूट आहे का, असेल तर ती सूट म्हणजेच तुमचं व्याज. प्रोसेसिंग फी किती. आणि मुदतीत पूर्ण नाही फिटलं तर काय, कारण काही ऑफरमध्ये तेव्हा पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं. शिवाय शून्य टक्के असलं तरी तो हप्ता दर महिन्याला खिशातून जातोच, आणि तेवढे पैसे कार्डावर भरायचे राहतात, म्हणजे परत वरचाच हिशोब.

"अरे पण ही गुंतवणूक आहे, मार्टिनची किंमत कधी कमी होत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! उदाहरणही ठरलेलं, निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची. ती १९५९ ची डी-१८ई (पिकअपवाली डी-१८) २०२० मध्ये लिलावात गेली आणि तोपर्यंतची सगळ्यात महाग विकली गेलेली गिटार ठरली. बरोबर आहे, पण ते पैसे महोगनीला नाही, कोबेनला पडले. तुमची-माझी डी-१८ दुकानाबाहेर पडली की वापरलेली होते आणि भाव उतरतो, मग बऱ्यापैकी टिकतो, एवढंच. जुन्या दुर्मिळ गिटारींचा बाजार वेगळा आणि आत्ता कारखान्यातून रोज निघणाऱ्या मॉडेलचा वेगळा. आणि वर्षाला ४० टक्क्यांच्या वर वाढणारी गिटार मला अजून कोणी दाखवलेली नाही, कार्डाला हरवायचं तर तेवढं वाढायला पाहिजे.

गिटारच्या धंद्यातल्यांनाही कर्ज चुकत नाही बरं का. गिब्सन, मार्टिनची जुनी प्रतिस्पर्धी, २०१८ च्या मे महिन्यात दिवाळखोरी संरक्षणासाठी कोर्टात गेली. गिटारी खपत नव्हत्या म्हणून नाही. २०१४ मध्ये फिलिप्सचा ऑडिओ विभाग वगैरे घेऊन घरगुती इलेक्ट्रॉनिक्समध्ये उडी मारली होती, तो धंदा बसला आणि कर्ज राहिलं. नंतर तो सगळा पसारा सोडून, नुसत्या वाद्यांवर येऊन, त्याच वर्षी कंपनी बाहेर पडली. शंभर वर्षांहून जुन्या कंपनीला हप्ता बसेल असं वाटलं होतं, असो.

गिटार घ्यायच्या बाजूचा दुसरा युक्तिवाद मला जास्त आवडतो कारण तो निम्मा खरा आहे. चांगलं वाद्य हातात असलं की आपोआप जास्त वाजवलं जातं. होय, जातं. डी-१८ घरात आल्यापासून माझा हात जास्त वेळ वाजता असतो, नाकारत नाही. पण ते नव्या वाद्याचं आहे का महाग वाद्याचं, हे सांगणं अवघड आहे, कारण यामाहाचा सेटअप झाला तेव्हाही असंच झालं होतं. आणि अगदी नवशिके असाल तर एक आकडा ऐकून ठेवा, फेंडर या गिटार कंपनीचे सीईओ असताना अँडी मूनी यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं होतं की गिटार हातात घेणाऱ्या नवशिक्यांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास लोक पहिल्या वर्षभरात सोडून देतात. गिटार विकणाराच हे सांगतोय. पहिलीच गिटार असेल आणि वर कर्ज असेल तर डी-१८ चा विचार डोक्यातूनच काढा, त्यात चर्चा नाही.

वाजवूनच पोट भरणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे आणि तिथे मी शहाणपणा शिकवणार नाही. ज्याला कार्यक्रम मिळतात, रेकॉर्डिंग मिळतं, त्याच्यासाठी ते अवजार आहे, सुताराला रंधा लागतो तसं. तिथेही एकच विचारेन, या गिटारमुळे नेमकं कुठलं काम मिळेल जे आत्ता मिळत नाहीये? उत्तरात एखादा खरा माणूस, खरी तारीख असेल तर घ्या. "आत्मविश्वास वाढेल" असं उत्तर आलं तर थांबा. माझ्याकडे यातलं दुसरं, आत्मविश्वासाचंच, उत्तर होतं.

मग कर्ज असताना कधीच घेऊ नये का? तसं नाही, आणि 'कर्ज फिटेपर्यंत सगळी हौस बंद' असं सांगणाऱ्यांचा मला तितकाच कंटाळा येतो. घराचं कर्ज वीस वर्षांचं असतं, तोवर माणसाने गाणं सोडायचं का? घरासारखं कमी दराचं लांबचं कर्ज, हप्ते वेळेवर जातायत, अडीअडचणीला काही महिन्यांचा खर्च बाजूला आहे, आणि गिटारचे पैसे वेगळे साठवलेत, तर खुशाल घ्या, कोणाला जाब देऊ नका. कार्ड थकलेलं आहे, तर नाही. पर्सनल लोन मधल्या दराचं आहे आणि कार्ड शून्य आहे, तर नवी नको, वापरलेली बघा, आणि पैसे साठवून. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढताय, तर हा रिव्ह्यू बंद करून बँकेशी बोला.

साठवण्याची माझी पद्धत साधी आहे. गिटारचा जो हप्ता 'बसतोय' म्हणालो होतो, तेवढीच रक्कम दर महिन्याला कार्डावर जास्तीची भरतोय. खरंच बसतोय का ते काही महिन्यांतच कळतं. पहिल्याच महिन्यात मला एका लग्नाचं निमंत्रण आणि गाडीचं टायर आडवं आलं आणि हप्ता निम्म्यावर आला. गिटार घेतलेली असती तर निम्मा हप्ता कोणी चालवून घेतला नसता.

तोवर यामाहाला काय करायचं, तर नव्या फॉस्फर ब्राँझ तारा, लाईट गेज म्हणजे पातळ, आणि हाडाचं सॅडल. प्लॅस्टिकचं काढून हाडाचं बसवलं तर आवाज थोडा स्वच्छ होतो, चमत्कार होत नाही, पण खर्च फुटकळ आहे. सेटअप स्वतः करायला जाऊ नका, ट्रस रॉडपर्यंत ठीक आहे, नटची खाच एकदा जास्त खोल गेली की तार फ्रेटवर आपटायला लागते आणि मग नटच बदलावा लागतो.

मार्क द्यायचे तर गिटारला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या सोफ्यावरच्या खांदेदुखीचा कापला. माझं कार्ड शून्यावर आलं आणि तेव्हाही हौस टिकून असली तर मी २०१२ नंतरची वापरलेली डी-१८ शोधणार आहे, आणि कोणी आधी शोधत असेल तर हे बघून घ्या. नेकच्या मधून एक सरळ पट्टी फ्रेटवर आडवी न ठेवता लांबीत ठेवून ब्रिजकडे सरकवा, तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला साधारण टेकलं पाहिजे. बरंच खाली गेलं आणि सॅडल आधीच घासून घासून चपटं झालं असेल, तर नेक रीसेट लागणार, म्हणजे नेक वाफेने सोडवून कोन बदलून परत बसवायची, आणि ते काम महाग असतं, किमतीतून कापून मागा. मोबाईलचा टॉर्च साउंडहोलमधून आत टाकून ब्रेसेस सुटलेत का बघा, टॉपवर बोटाने हलकं टिचकून कुठे सुटल्यासारखा खरखर आवाज येतो का ऐका. ब्रिजच्या मागे कागदाचा कोपरा सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज उचलतोय. चिरा बुजवलेल्या असतील तर घाबरू नका, नीट बुजवलेली चीर आवाजाला फारसं काही करत नाही आणि भाव मात्र चांगला पाडते. आणि हार्ड केस सोबत आहे का ते आधीच विचारा, नंतर वेगळी घ्यायला गेलात की कळेल का सांगतोय.